चकतीवरचे गॅदरिंग: सीडी, व्हीसीडी आणि डीव्हीडीवर आवाज-चित्र कसे मांडले गेले



रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी काहीतरी लिहावे, असे स्मरणिका समितीने ठरवले. कोणी बँकेवर लिहिले आहे, कोणी द्राक्षबागेवर. दहावीनंतर मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केले आणि तेव्हापासून बाजारपेठेत टीव्ही, टेप, सीडी प्लेअरच्या दुरुस्तीचे दुकान चालवतो. हल्ली दुरुस्ती कमी झाली आहे. जुन्या कॅसेट आणि सीडी पेनड्राइव्हवर उतरवून देण्याचे काम वाढले आहे. त्यामुळे मेळाव्याच्या तयारीत तुमच्या कपाटांतून आणि माळ्यांवरून निघालेल्या चकत्यांची पिशवी साहजिकच माझ्याकडे आली. एकूण २३ चकत्या होत्या. शाळेच्या समूहगीतांची ऑडिओ सीडी, २००१ च्या गॅदरिंगच्या व्हीसीडी, आणि मराठीच्या बाईंच्या निरोपसमारंभाची छोटी डीव्हीडी.

काही लागल्या, काही मध्येच अडकल्या, काहींवर प्लेअरने सरळ ‘नो डिस्क’ लिहून दाखवले. आपल्या ग्रुपवर तेव्हापासून एकच प्रश्न फिरतो आहे: ‘अरे, चकती आरशासारखी चकचकीत आहे, मग लागत का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. त्यासाठी चकतीवर आवाज आणि चित्र कोणत्या क्रमाने मांडतात आणि तो क्रम कसा ठरत गेला, हे पाहावे लागते. हा लेख त्या इतिहासाचा आहे. शेवटी तुमच्याकडे एक मागणेही आहे.

आधी चित्र, मग आवाज

बहुतेकांना वाटते की आधी गाण्यांची सीडी आली आणि मग सिनेमाची. प्रत्यक्षात उलटे घडले. हॉलंडमधल्या फिलिप्स कंपनीने आणि अमेरिकेतल्या एमसीए कंपनीने १९७२ मध्ये लेसरने वाचायच्या व्हिडिओ तबकडीची प्रात्यक्षिके दाखवली. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरात ती विक्रीला आली. पुढे ती ‘लेसरडिस्क’ म्हणून ओळखली गेली. आकाराने ती एलपी रेकॉर्डएवढी, म्हणजे सुमारे ३० सेंटीमीटरची होती.

या तबकडीवरचे चित्र आकड्यांत नव्हते. टीव्हीचा सिग्नल जसा कमी-जास्त होई, तसे तबकडीवरचे खळगे जवळ किंवा दूर पडत. तिची मांडणी मात्र फार सोपी आणि देखणी होती. एका प्रकारात तबकडीचा एक फेरा म्हणजे बरोबर एक चित्र. अमेरिकी टीव्हीला सेकंदाला ३० चित्रे लागत, म्हणून तबकडी मिनिटाला १,८०० फेरे घेई. एका बाजूला ५४,००० चित्रे मावत आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असे. क्रमांक दाबला की ते चित्र समोर स्थिर उभे राहायचे. तोटा एकच: एका बाजूला जेमतेम अर्धा तास. दुसऱ्या प्रकारात बाहेरच्या लांब फेऱ्यांवर जास्त चित्रे कोंबून हा वेळ तासभर केला, पण त्यात ‘एक फेरा, एक चित्र’ ही सोय गेली. जागा वाढवायची तर सोय सोडायची. पुढच्या प्रत्येक चकतीत हा सौदा आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

४४,१०० हा आकडा आला कुठून?

फिलिप्सने मार्च १९७९ मध्ये आइंडहोव्हन येथे छोट्या ऑडिओ चकतीचा नमुना दाखवला. मग जपानच्या सोनी कंपनीबरोबर बसून दोघांनी नियम ठरवले. १९८० मध्ये ते नियम एका पुस्तकात छापले गेले. त्याचे मुखपृष्ठ लाल, म्हणून नाव पडले ‘रेड बुक’. पुढच्या चकत्यांची पुस्तकेही अशीच रंगांवरून ओळखली गेली.

रेड बुकचे पहिले कलम असे की आवाजाची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचे, डाव्या कानासाठी वेगळे आणि उजव्यासाठी वेगळे. माणसाच्या कानाला साधारण २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येते आणि आवाज नीट पकडायचा तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावा लागतो, हे विज्ञान झाले. पण मग ४०,००० किंवा ४५,००० असा सरळ आकडा का घेतला नाही? कारण त्या काळी एवढे आकडे साठवायला हाताशी सोयीची वस्तू होती ती व्हिडिओ टेप. आवाजाची मापे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात टीव्हीच्या रेघांवर लिहीत. अमेरिका-जपानच्या टीव्हीत वापरता येण्याजोग्या रेघा २४५, एका रेघेवर ३ मापे, सेकंदाला ६० क्षेत्रे. गुणाकार करा: ४४,१००. युरोपच्या टीव्हीत रेघा २९४, मापे ३, क्षेत्रे ५०. पुन्हा ४४,१००. दोन्हीकडच्या यंत्रांना चालेल असा आकडा निघाला आणि तो आजतागायत गाण्यांच्या फायलींत दिसतो. आवाजाच्या चकतीचा मूळ आकडा असा चित्राच्या टेपवरून आला आहे.

पहिल्या सीडींचे उत्पादन जर्मनीत हॅनोव्हरजवळ लांगेनहागन येथे १७ ऑगस्ट १९८२ रोजी झाले आणि १ ऑक्टोबर १९८२ पासून जपानमध्ये प्लेअर आणि चकत्या विकायला आल्या.

चकली, बाक आणि गुणपत्रिका

आता चकती हातात घेऊ. ग्रामोफोनची सुई बाहेरून आत जाते. सीडीचा लेसर आतून बाहेर जातो. आपण चकली पाडतो तसेच, मध्यापासून सुरू करून बाहेरच्या काठाकडे. या चकलीच्या दोन वेढ्यांत अंतर आहे १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे सहाशेवा भाग. सेकंदाला १.२ मीटर या वेगाने ७४ मिनिटे वाचायचे तर हा मार्ग सव्वापाच किलोमीटरहून लांब होतो. वाचण्याचा वेग सारखा ठेवायचा म्हणून चकती आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि काठाजवळ २०० वर येते. सीडी सुरू होताना जो ‘सूंऽऽ’ आवाज येतो, तो याच आतल्या वेगाचा.

खळगा म्हणजे एक आणि सपाट म्हणजे शून्य, असे आम्हाला आयटीआयमध्येही कोणीतरी सांगितले होते. तसे नाही. खळग्याची कड आली की एक. खळग्याच्या तळाशी असो की वरच्या सपाटीवर, कड नाही तोवर शून्य. दोन कडा फार जवळ आल्या तर लेसरला वेगळ्या दिसत नाहीत आणि फार लांब गेल्या तर प्लेअरचा ताल चुकतो. म्हणून फिलिप्सचे अभियंता कीस इमिंक यांनी आठ बिटांच्या प्रत्येक अक्षरासाठी चौदा बिटांचा वेगळा साचा ठरवला. दोन एकांच्या मध्ये किमान दोन आणि जास्तीत जास्त दहा शून्ये असलेले साचे १६,३८४ पैकी फक्त २६७ निघतात. त्यातले २५६ कामाला आले.

यापुढचा भाग शाळेच्या उदाहरणाने सांगतो. वार्षिक परीक्षेला आपल्याला एका बाकावर एकाच इयत्तेची मुले बसू देत नसत. समजा छप्पर गळून तीन बाक भिजले, तर एकाच वर्गाचे नुकसान न होता प्रत्येक वर्गातल्या एखाद्याच मुलाची उत्तरपत्रिका खराब होईल. सीडीवर तसेच करतात. लागोपाठच्या आवाजाची मापे लागोपाठ लिहीत नाहीत. ती शंभराहून जास्त चौकटींत विखरून टाकतात. ओरखडा पडला तरी प्रत्येक चौकटीतले थोडेच जाते.

हे गेलेले थोडेसे परत कसे आणायचे? त्यासाठी गुणपत्रिका आठवा. एका विषयाच्या गुणांवर शाई सांडली, तरी खाली एकूण बेरीज असते. बाकीचे वजा करा, पुसलेले गुण मिळतात. सीडीच्या प्रत्येक चौकटीत आवाजाचे २४ बाइट असतात आणि त्यांच्या जोडीला अशा ‘बेरजांचे’ ८ बाइट. या बेरजा साध्या नसतात. अमेरिकेतले आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणितावर त्या उभ्या आहेत. विखुरणे आणि बेरीज या दोन युक्त्यांमुळे मार्गाच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर इतका भाग वाचता आला नाही, तरी आवाज जसाच्या तसा परत मिळतो.

म्हणूनच चकती पुसताना गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा मार्गाच्या दिशेने जातो आणि एकाच जागेचे लांबलचक नुकसान करतो. मऊ कापडाने मध्यापासून काठाकडे सरळ पुसा. त्यातून पडलेला ओरखडा अनेक वेढे ओलांडतो, पण प्रत्येकातले थोडेच खातो.

अनुक्रमणिका

चौकटीत आणखी एक बाइट असतो. त्यात आवाज नसतो. तो पुस्तकाच्या पानावरच्या क्रमांकासारखा आहे: हे कितवे गाणे, ते सुरू होऊन किती मिनिटे झाली, चकतीच्या सुरुवातीपासून किती झाली. अशा ९८ चौकटी मिळून एक खोली होते आणि सेकंदाला अशा ७५ खोल्या वाचल्या जातात. एका खोलीत २,३५२ बाइट. हा आकडा लक्षात ठेवा.

सगळ्या गाण्यांचे पत्ते एकत्र कुठे लिहिलेले असतात? चकलीच्या अगदी आतल्या वेढ्यांत. गाणी सुरू होण्यापूर्वीच्या या पट्ट्यात अनुक्रमणिका पुन्हा पुन्हा लिहिलेली असते. प्लेअर चकती घेतली की आधी ती वाचतो, मगच ‘१२ गाणी, ५४ मिनिटे’ असे दाखवतो. अनुक्रमणिका वाचता आली नाही, तर पुढे लता मंगेशकरांचे गाणे असो की आपल्या शाळेची प्रार्थना, त्याच्या लेखी चकती कोरी.

ऑडिओ सीडीवर फाइल नावाची वस्तूच नसते, हेही सांगायला हवे. १९८० मध्ये नियम करणाऱ्यांसमोर संगणक नव्हता, गाण्याचा प्लेअर होता. विंडोज संगणकात अशी सीडी घातली की ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशा चिमुकल्या फायली दिसतात. प्रत्येक ४४ बाइटची. त्या फायली म्हणजे नुसते पत्ते. अनेक गिऱ्हाइके त्या पेनड्राइव्हवर घेऊन येतात आणि विचारतात की गाणी कुठे गेली. घराचा पत्ता लिहून घेतला म्हणून घर सोबत येत नाही.

फायली कशा आल्या

संगणकासाठी याच चकतीवर हिशेब, शब्दकोश, प्रोग्रॅम ठेवायचे ठरले, तेव्हा नवी अडचण आली. गाण्यातला एखादा ठिपका चुकला तर कानाला कळत नाही. बँकेच्या हिशेबात एक शून्य चुकले तर गोंधळ होईल. म्हणून २,३५२ बाइटच्या खोलीतले २७६ बाइट आणखी एका पक्क्या बेरजेला दिले. खोलीचा पत्ता, खूण वगैरे वजा जाता खऱ्या मजकुराला उरले २,०४८. जागा कमी झाली, भरवसा वाढला.

पण प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने फायली ठेवू लागली. एकाची चकती दुसऱ्याच्या संगणकात चालेना. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात हाय सिएरा नावाच्या हॉटेलात या कंपन्यांची माणसे बसली आणि एक समान पद्धत ठरली. तीच थोड्या बदलाने १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. पहिल्या १६ खोल्या मोकळ्या सोडायच्या, त्यापुढच्या खोलीत चकतीचे नाव आणि फोल्डरचा पत्ता लिहायचा. अगदी मूळ नियमात फाइलचे नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे, आडनाव तीन अक्षरांचे, सगळी मोठी इंग्रजी अक्षरे. आपल्या व्हीसीडीवर ‘एव्हीसेक०१.डॅट’ असे विचित्र नाव का दिसते, ते इथे कळते. एव्ही म्हणजे ऑडिओ-व्हिडिओ, सेक म्हणजे सीक्वेन्स. सात अक्षरे भरली, आठवे उरले.

व्हीसीडी: एका खोलीत आवाज, दुसरीत चित्र

१९९३ मध्ये फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी मिळून व्हिडिओ सीडी आणली. पुस्तक पांढरे. प्रश्न सरळ होता: गाण्याच्या त्याच चकतीवर, त्याच वेगाने फिरवून, ७४ मिनिटे सिनेमा कसा बसवायचा?

चित्र ३५२ आडवे आणि २८८ उभे ठिपके, सेकंदाला २५ चित्रे. ती जशीच्या तशी लिहायची तर चकतीच्या वाट्याला येणाऱ्या जागेच्या सुमारे २६ पट जागा लागते. यावरचा उपाय एमपेग नावाच्या तज्ज्ञगटाने शोधला. हा गट १९८८ मध्ये सुरू झाला होता. त्यांची पद्धत अशी: एक चित्र पूर्ण लिहा. पुढच्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढे लिहा. आपल्या गॅदरिंगमधले कोळीनृत्य घ्या. मागचा निळा पडदा, त्यावर चिकटवलेली सोनेरी अक्षरे आणि कोपऱ्यातली समई हलतच नाहीत. ती एकदा लिहिली की पुरे. हलतात ते हात आणि वल्ही. साधारण अर्ध्या सेकंदाने पुन्हा एक पूर्ण चित्र येते. या पूर्ण चित्रावरच ओरखडा असेल, तर त्याच्या आधाराने काढायची पुढची चित्रेही बिघडतात. व्हीसीडीवर क्षणभर चौकोन चौकोन दिसून पुन्हा सगळे ठीक होते, ते यामुळे. पुढचे पूर्ण चित्र आले की गाडी रुळावर.

मग आवाज आणि चित्र एका मार्गावर कसे चालवायचे? लेसर एकच. तो एका वेळी एकच खोली वाचतो. म्हणून दोघांना आलटून पालटून खोल्या दिल्या. सेकंदाच्या ७५ खोल्यांपैकी साधारण १२ आवाजाला, जवळपास बाकी सगळ्या चित्राला. आकडे इतके घट्ट बसवले आहेत की शिल्लक जवळजवळ राहतच नाही. चित्र आणि आवाजाच्या पुडक्यांवर वेळेचे शिक्के असतात, सेकंदाचे ९०,००० भाग करणाऱ्या घड्याळातले. प्लेअर आवाज एका कप्प्यात आणि चित्र दुसऱ्यात जमा करतो आणि शिक्का पाहून बाहेर सोडतो. हे शिक्के नीट जुळले नाहीत की भाषण करणाऱ्याचे ओठ मिटतात आणि आवाज मागून येतो.

आणि इथे पुन्हा सौदा झाला. चित्रात एखादा ठिपका चुकला तर चालेल, या हिशेबाने संगणकी चकतीतली २७६ बाइटची पक्की बेरीज काढून टाकली. खोलीत मजकूर २,०४८ वरून २,३२४ वर गेला. त्यामुळे सिनेमा बसला. पण व्हीसीडी संगणकाच्या सीडीपेक्षा नाजूक झाली. जुनी व्हीसीडी प्लेअरवर कशीबशी चालते आणि संगणकात कॉपी करताना मध्येच थांबते, ती यामुळे. प्लेअर चुकीचा ठिपका दाखवून पुढे जातो. संगणकाला चुकीचा बाइट चालत नाही.

आपल्याकडे व्हीसीडी किती रुजली, ते वेगळे सांगायला नको. तीन तासांचा हिंदी सिनेमा दोन किंवा तीन चकत्यांवर येई आणि मध्यंतर आपण स्वतः उठून करायचो. नंतर मोझर बेअर या भारतीय कंपनीने २८ रुपयांत सिनेमाची व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा भाड्याने सीडी देणाऱ्या दुकानांचे गणितच बदलले.

डीव्हीडी: अनुक्रमणिकेची दुसरी प्रत

डीव्हीडीच्या वेळी दोन तट होते. एकीकडे तोशिबा आणि तिचे साथीदार, दुसरीकडे सोनी आणि फिलिप्स. संगणक कंपन्यांनी आग्रह धरला की दोन प्रकार नकोत. १९९५ मध्ये समझोता झाला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी आली. लाल लेसर अधिक बारीक, वेढ्यांतले अंतर ०.७४ मायक्रॉन, जागा ४.७ अब्ज बाइट. चित्रात व्हीसीडीच्या चौपट ठिपके.

इथे मांडणी पहिल्यापासूनच फायलींची होती. ‘व्हिडिओ टीएस’ या फोल्डरमध्ये तीन प्रकारच्या फायली असतात. ‘व्हीओबी’ फायलींत प्रत्यक्ष आवाज, चित्र आणि सबटायटल एकमेकांत गुंफलेले असतात. एक फाइल एक जीबीपेक्षा मोठी करायची नाही, म्हणून सिनेमाचे चार-पाच तुकडे दिसतात. ‘आयएफओ’ फायलींत अनुक्रमणिका: कोणते दृश्य कोणत्या खोलीपासून, मेन्यूचे कोणते बटण कुठे नेते. आणि ‘बीयूपी’ म्हणजे त्याच अनुक्रमणिकेची बॅकअप प्रत. ती मुद्दाम वेगळ्या जागी लिहितात, म्हणजे एका ओरखड्यात दोन्ही जात नाहीत. शाळेत दाखल्याची कार्बन कॉपी वेगळ्या फाइलला लावत, तसेच. पुढे २००६ मध्ये ब्लू-रे आली. निळसर लेसर, २५ जीबी, तत्त्व तेच.

आपल्या चकत्यांचे काय झाले

दुकानातून विकत आणलेल्या सिनेमाच्या चकतीत खळगे साच्याने दाबलेले असतात. आपल्या गॅदरिंगच्या चकत्यांत खळगे नाहीत. घरगुती रायटरने लिहायच्या सीडीत एक सेंद्रिय रंगाचा थर असतो. लेसरने तो जागोजागी भाजला की खळग्यासारखा दिसतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा या रंगाला मानवत नाही. वरचा चकचकीत धातूचा थर मात्र शाबूत राहू शकतो. चकती चमकते आणि लागत नाही, त्याचे एक कारण हे.

आता एकेक सांगतो. समूहगीतांची ऑडिओ सीडी पूर्ण निघाली. ओरखडे भरपूर होते, पण विखुरणे आणि बेरीज कामाला आली.

मराठीच्या बाईंच्या निरोपसमारंभाची आठ सेंटीमीटरची डीव्हीडी कुठल्याच प्लेअरवर लागत नव्हती. एका वर्गमैत्रिणीच्या भाऊजींनी कॅमेऱ्यात थेट त्या चकतीवर शूटिंग केले होते. अशा कॅमेऱ्यात शेवटी ‘फायनलाइझ’ करावे लागते, म्हणजे अनुक्रमणिका लिहून चकती बंद करावी लागते. ते राहून गेले होते. चकती उजेडात तिरपी धरली, तर आतल्या भागात गडद कडे दिसत होते. म्हणजे लिहिलेले होते, फक्त अनुक्रमणिका नव्हती. डीव्हीडीच्या प्रत्येक पुडक्याची सुरुवात चार ठरावीक बाइटनी होते: शून्य, शून्य, एक आणि १८६. अशी अर्धवट चकती वाचू शकणारा एक जुना ड्राइव्ह लावून सगळ्या खोल्या ओळीने काढल्या, ही खूण शोधली आणि पुडकी क्रमाने जोडली. सव्वीस मिनिटे मिळाली. बाई आज आपल्यात नाहीत. पण ‘व्याकरण चुकलं तरी चालेल, माणूस चुकू देऊ नका’ असे म्हणून त्या थांबतात आणि मागून कोणीतरी हुंदका देते, ते सगळे जागेवर आहे. मेळाव्यात दाखवू.

२००१ च्या गॅदरिंगची गोष्ट वेगळी. दोन व्हीसीडींचा संच होता. आधी व्हीएचएसवर घेतलेले शूटिंग २००३ मध्ये गावातल्या एका लॅबमधून चकत्यांवर उतरवून घेतले होते. तेव्हा एकूण सहा संच काढल्याचे आपल्या तेव्हाच्या वर्गप्रतिनिधीला नक्की आठवते. माझ्याकडे दोन संच आले. पहिली चकती दोन्ही संचांतून मिळून पूर्ण झाली. दुसरी चकती अगदी काठापर्यंत भरलेली आहे, आणि या दोन्ही प्रतींत रंग काठाकडून उडत आत आला आहे. चकली आतून बाहेर जाते, हे वर सांगितले. म्हणजे आधी जातो तो कार्यक्रमाचा शेवट. नाटक आहे, कोळीनृत्य आहे, बक्षीससमारंभ आहे. त्यानंतरची शेवटची साधारण नऊ मिनिटे नाहीत.

त्या नऊ मिनिटांत काय होते, ते ज्यांना आठवते त्यांना सांगायला नको. मुख्याध्यापकांनी पडदा ओढणाऱ्या आपल्या शिपाईमामांना मंचावर बोलावून त्यांचा सत्कार केला होता. मामा त्याच वर्षी निवृत्त होणार होते. ते माइकवर काहीतरी बोलले. काय बोलले, यावर आपल्या ग्रुपवर चार जणांची चार मते आहेत. त्यांच्या मुलाला मी मेळाव्याचे आमंत्रण द्यायला गेलो, तेव्हा त्याने सांगितले की वडिलांचा आवाज घरात कशावरच नाही.

एक मागणे

उरलेले चार संच कोणाकडे तरी आहेत. पुण्यात, मुंबईत, कदाचित परदेशात. तुमची प्रत लागत नसेल, तरी ती मला हवी आहे. चार प्रती चार घरांत राहिल्या, म्हणजे चार वेगवेगळ्या जागी खराब झाल्या असणार. प्रत्येक खोलीला पत्ता असल्यामुळे, एका प्रतीत गेलेली खोली दुसऱ्या प्रतीतून घेता येते. पहिली चकती अशीच पुरी झाली. ज्याची प्रत पूर्ण बिघडली आहे असे वाटते, त्याच प्रतीत मामांची दोन मिनिटे शाबूत असू शकतात.

पाठवताना एवढे करा. चकती कडेला धरा. खालची बाजू पुसायचीच असेल, तर मध्यापासून काठाकडे सरळ पुसा. वरच्या छापील बाजूवर बॉलपेनने काही लिहू नका आणि कागदी लेबल ओढून काढू नका. सीडीत माहितीचा थर वरच्याच बाजूला, पातळ लाखेच्या खाली असतो. लेबलाबरोबर तो उचलून येतो. कव्हर नसेल तर दोन पुठ्ठ्यांत घालून द्या. उन्हात ठेवलेल्या गाडीत सोडू नका. मेळाव्याला येताना आणलीत तरी चालेल. मी दारातच नोंदणीच्या टेबलाशेजारी बसणार आहे. प्रत्येक चकतीवर नाही, तिच्या पाकिटावर तुमचे नाव लिहून पावती देईन आणि उतरवून झाल्यावर मूळ चकती परत करीन.

घरातल्या लग्नाच्या, बारशाच्या, आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या चकत्याही याच वयाच्या आहेत. त्याही या दिवाळीआधी कोणाकडून तरी उतरवून घ्या. माझ्याकडूनच घ्या, असे नाही.

आपला वर्गमित्र,
दहावी ‘ब’, मार्च २००१